गळतीचा चिकित्सक अभ्यास

एम.एड.ला असताना मला संशोधनाचा विषय मिळाला आणि आमच्या घरातला पहिला गोंधळ त्या विषयाच्या नावावरूनच झाला. 'ग्रामीण भागातील मुलींच्या शालेय गळतीच्या कारणांचा चिकित्सक अभ्यास.' घाटनांदूरला आमचं किराणा दुकान होतं. दारात नुकत्याच आलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायच्या आणि त्यांच्या मागे अप्पा बसायचे. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "पोरगी गळतीवर संशोधन करायलीय. कालेजातून."

आठवड्याभरातच गावातले एक निवृत्त तलाठी मला शोधत आले.

"ताई, आमच्या स्लॅबचं जरा बघता का? दोन पावसाळे झाले, गवंड्याला कायबी कळंना."

मी त्यांना समजावून सांगितलं, की ही गळती म्हणजे मुलींचं शाळा सोडणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू द्या. पण स्लॅबवर कुणी करायलंय का तुमच्या कालेजात?"

हा विषय मला आमच्या मार्गदर्शक सरांनी दिला होता. जिल्ह्याच्या गावी आमचं शिक्षणशास्त्राचं कॉलेज होतं, बी.एड.चे दोन वर्ग आणि एम.एड.चे आम्ही मोजके. सर सफारी घालायचे आणि साधं बोलतानाही मुद्दे सांगून बोलायचे. कॅन्टीनमध्ये ते म्हणायचे, "मुद्दा एक, चहा. मुद्दा दोन, साखर कमी." समतेवर त्यांनी तीन पुस्तिका लिहिल्या होत्या. माणूस अतिशय सज्जन. पण समता कुठे राहते हे पाहायला ते कधी गेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही गेले नव्हते.

सरांनी परिकल्पना आधीच पक्की करून दिली होती: गळतीचं मुख्य कारण पालकांची उदासीनता. ती तपासायला साठ विधानांची प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी होत्या, पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. गाव कोणतं घ्यायचं ते शास्त्रशुद्ध पद्धतीनं ठरलं. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि शिपाईमामांनी एक उचलली. चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेलं एक लहान गाव निघालं. तिथं सकाळी नऊला आणि दुपारी साडेचारला अशी दोनदाच एसटी यायची आणि देवळापाशी वळून परत जायची. तिसरी गाडी नव्हती.

सायक्लोस्टाईल केलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन मी सकाळच्या गाडीनं तिथं उतरले. पहिल्याच घरी मला खाट, पाणी, चहा आणि शेंगा मिळाल्या. घरातली बाई समोर बसली. मी वाचलं, "मुलींना शिक्षण देणे ही काळाची गरज आहे."

"सहमत," ती म्हणाली.

मला हुरूप आला. सोळा-सतरा विधानं झाल्यावर मी वाचलं, "मुलींना शिकवणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय."

"सहमत."

"पण मघाशी तुम्ही म्हणालात गरज आहे."

"व्हय, ते बी सहमत."

"दोन्ही कसं चालेल?"

ती जरा ओशाळली. "अवो ताई, तुमी एवढ्या लांबून एसटीचे धक्के खात आलाव. तुमच्या तोंडावर न्हाई कसं म्हनावं?"

दिवसभरात मी अकरा घरं केली. सगळं गाव सगळ्याशी सहमत होतं. एका म्हातारबुवांनी फक्त 'तटस्थ'वर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की सोसायटीच्या निवडणुकीत तटस्थ राहिलेला एकच माणूस त्यांनी पाहिला होता आणि त्याला नंतर दोन्ही बाजूंनी मारलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले आणि पुन्हा तेच घडलं. दुपारी वैतागून एका पडवीत टेकले. तिथं एक बाई शिलाई मशीन चालवत होती. वय चाळिशीच्या आतलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दातात दोरा धरलेला. गावातल्या सगळ्या पोरींचे शाळेचे कपडे आणि सगळ्या बायकांची पोलकी तीच शिवायची. मी तिला काकू म्हणायला लागले.

"काय इचारता हो सगळ्यास्नी?" तिनं दोरा तोडत विचारलं.

"मुली सातवीनंतर शाळा का सोडतात ते."

"मंग मला कावून न्हाई इचारलं?"

"तुमचं घर नमुन्यात आलं नाही," मी म्हणाले. खरंच आलं नव्हतं. दर तिसरं घर घ्यायचं होतं आणि तिचं चौथं होतं.

काकू उठली आणि मशीनच्या खणातून एक वही काढून माझ्यापुढे टाकली. कपड्याच्या मापांची वही होती. काकू स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर वाटोळं आणि मोठं. प्रत्येक मुलीचं एक पान. पहिलीचा फ्रॉक, छाती, उंची. दुसरीचा, तिसरीचा. पाचवीपासून स्कर्ट. दर जूनला माप वाढत जायचं. सातवीच्या स्कर्टनंतर मात्र पान बदलायचं.

"हे काय आहे?" मी पुढची ओळ दाखवून विचारलं.

"पोलकं. लग्नाचं."

मी पानं उलटत गेले. सातवीचा स्कर्ट, मग दोन वर्षं काहीच नाही, मग लग्नाचं पोलकं. सातवीचा स्कर्ट, एक वर्ष, पोलकं. कुठंही आठवीचा ड्रेस नव्हता. एका पानावर माझं बोट थांबलं, कारण त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक लहान फूल काढलेलं होतं.

"ती माझी थोरली," काकू म्हणाली आणि मशीनचं चाक हातानं उगाच एकदा फिरवलं. "गणितात लई हुशार हुती. कधीकधी मापं मी सांगायची आन् तीच लिवून घ्यायची."

माझ्या पिशवीतल्या साठ विधानांत तिला विचारण्यासारखं एकही विधान नव्हतं.

मग तिनंच सांगितलं. आठवीची शाळा हायवेवरच्या मोठ्या गावात, सात किलोमीटर. सकाळची गाडी पोरींना साडेनऊला तिथं सोडायची आणि शाळा भरायची अकराला. दीड तास हायवेवर ट्रकवाल्यांच्या हॉटेलांपुढे उभं राहायचं. ते एक वेळ चाललं असतं. पण परतीची गाडी तिथून चारला निघायची आणि शाळा सुटायची पाचला. पोरं चालत यायची, कुणाच्या सायकलवर बसून यायची. पोरींना सात किलोमीटर, मधे ओढा, पुढे ओसाड माळ, एकटं कोण पाठवणार?

"उदासीन न्हाईत बगा कुणी," ती म्हणाली. तो शब्द माझ्याच प्रश्नावलीतून गावात पसरला होता. "गाडी न्हाई."

मी धावत-पळत कॉलेजात गेले आणि सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला.

"मुद्दा एक, शिवणकामाची वही हे संशोधनाचं साधन नाही. मुद्दा दोन, बसचं वेळापत्रक हे शैक्षणिक चल नाही."

'चल' म्हणजे संशोधनाच्या भाषेत बदलणारी गोष्ट, जिचा परिणाम मोजायचा असतो. मी हिरमुसले. पण त्याच महिन्यात कॉलेजला एक परिपत्रक आलं, की संशोधन गावापर्यंत न्या आणि समाजाशी भागीदारी करा. सरांनी ठरवलं, की आपण स्वतः जाऊन गावाला समतेवर मार्गदर्शन करायचं. तारीख ठरली, दुपारी तीनची वेळ ठरली.

गावानं कसूर केली नाही. देवळापुढे ताडपत्री बांधली, लाऊडस्पीकर आणला, सरांना शाल आणि नारळ दिला. पुढे बायका, मागे बाप्ये. सर उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी पाच मुद्दे मांडणार आहे."

पहिल्या मुद्द्यालाच चार वाजले. समता आली पाहिजे, समता आल्याशिवाय गाव सुधारणार नाही, समतेची वाट आपण सगळ्यांनी पाहिली पाहिजे, असं सर कळकळीनं सांगत होते. सव्वाचारला काकूनं पदर सावरत हात वर केला.

"सायेब, ही समता यायची कशानं?"

सरांना प्रश्न फार आवडला. "उत्तम! ती येईल प्रबोधनानं."

"तसं न्हवं. साडेचारच्या गाडीनं येनार का कशी? कारन ती शेवटची हाय."

मागे बाप्यांत खसखस पिकली. काकूचा चेहरा इतका भोळा होता, की सरांना वाटलं बाईंना समता ही कुणाची तरी मुलगी वाटते आहे. मग त्यांनी समतेची व्याख्या सांगायला घेतली. काकूनं माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला, तेव्हा मला कळलं, की भोळं इथं कोण आहे.

साडेचारला एसटी आली, वळली, हॉर्न वाजवला. सर तिसऱ्या मुद्द्यावर होते. पुन्हा हॉर्न. शेवटी कंडक्टर स्वतः खाली उतरून मांडवात आले आणि सरांना सांगायला पुढे सरकले. सरांना वाटलं आणखी एक श्रोता आला.

"या, या, बसा! सर्व घटकांचा सहभाग हवाच आहे."

कंडक्टर बिचारे पाच मिनिटं बसले. मग घड्याळ पाहून माझ्याकडे हात हलवला आणि गाडी घेऊन निघून गेले. मी सरांना चिठ्ठी पाठवली, 'गाडी गेली.' सरांनी ती श्रोत्यांचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवली.

उपसंहार पाचला झाला. टाळ्या पडल्या. मग सरांनी विचारलं, "आता गाडी किती वाजता?"

"उद्या नवाला," काकू म्हणाली.

गावात एकच मोटारसायकल होती, ती तालुक्याला गेलेली. बैलगाडी जुंपतो म्हणाले, पण सरांना बीडला संध्याकाळी कसलीशी मीटिंग होती आणि त्यांना वाटलं, सात किलोमीटर म्हणजे कितीसं. काकू आम्हाला हायवेपर्यंत पोचवायला निघाली. धाकटी लेकही सोबत आली. ती सहावीत होती.

तो चालण्याचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. सर पुढे, अंगावर शाल, एका हातात नारळ, पायात पॉलिश केलेले बूट. पहिल्या किलोमीटरला शाल घडी करून माझ्या पिशवीत आली. दुसऱ्याला नारळ काकूच्या लेकीकडे गेला. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं, पण चिखल आत खोल होता. सरांचा डावा बूट तिथंच राहिला आणि काकूनं तो हात घालून उपसून काढला. माळावर तीन कुत्री मागे लागली. सरांनी त्यांना "हट" म्हटलं, पण ते वर्गात 'शांतता राखा' म्हणतात तसंच. धाकटीनं एक दगड उचलल्यासारखं केलं आणि कुत्री गेली.

पाचव्या किलोमीटरला सर मैलाच्या दगडावर बसले. बराच वेळ दम खाल्ला. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "हे चल मी विचारातच घेतलं नव्हतं."

"चला म्हनूनच तर केव्हाधरनं सांगायलेव," काकू म्हणाली. "अजून दोन किलोमीटर हाय."

मला हसू आवरेना. सरांनी एकदा माझ्याकडे, एकदा चिखलाच्या बुटाकडे पाहिलं आणि मग तेही हसायला लागले. त्यांना मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर सर बदलले. म्हणजे मुद्दे तसेच राहिले, पण त्यांत पहिला मुद्दा एसटी झाला. आठवड्याभरानं आम्ही हायवेवरच्या त्या शाळेत गेलो, सर, मी आणि काकू. सरांच्या आग्रहावरून काकूनं वही बरोबर घेतली होती. मुख्याध्यापकांनी सरांना पाहिलं आणि खुर्चीतून उठून पाया पडले. ते सरांचेच बी.एड.चे विद्यार्थी निघाले. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही शाळेत गेलं, की निदान दोघं तरी सरांच्या पाया पडायचे.

"शाळेची वेळ ठरवताना काय लक्षात घ्यावं?" सरांनी एकदम तोंडी परीक्षाच घेतली.

"स्थानिक परिस्थिती, विद्यार्थ्यांच्या सोयी, दळणवळणाची साधनं," मुख्याध्यापकांनी घडाघडा म्हटलं. "तुमच्याच नोट्स, सर. पंधरा मार्कांना यायचा."

"मग?"

"मग लिहिला, सर. चांगले मार्क पडले."

सरांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण तो प्रश्न मीही लिहिला होता आणि मलाही चांगले मार्क पडले होते.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांची अडचण त्यांनी उघड सांगितली. शाळेतले सगळे शिक्षक बीडहून यायचे, त्यांची सोयीची गाडी पावणेअकराला पोचायची. शाळा पावणेदहाला भरवून पावणेचारला सोडायची तर त्यांना आधीची गाडी धरावी लागणार. "इतक्या लवकर निघायचं म्हणजे घरी डबासुद्धा होत नाही, सर."

"आमच्या पोरी नवाच्या आत दोन वक्ताचा सैपाक करून बसतेत," काकू म्हणाली. "त्यास्नी सांगू का डबा द्यायला?"

मग तिनं वही उघडून टेबलावर ठेवली. मुख्याध्यापकांनी दोन-चार पानं पाहिली. पेन्सिलीचं फूल असलेल्या पानावर ते बराच वेळ थांबले. ते पान कुणाचं हे त्यांनी विचारलं नाही आणि काकूनंही सांगितलं नाही. वही मिटून ते म्हणाले, "मी तयार आहे. पण पहिल्या तासाला वर्गावर उभं कोण राहणार?"

आणि इथं सरांना आयुष्यातली सगळ्यात चांगली कल्पना सुचली. आमच्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांना सराव पाठ घ्यावे लागायचे आणि त्यासाठी शहरातल्या शाळा पुरत नव्हत्या. एकेका वर्गासाठी त्यांच्यात भांडणं व्हायची. सर म्हणाले, "पहिला तास आमची मुलं घेतील. रोज."

शाळेच्या शिक्षकांना आधी आनंदच झाला, एक तास परस्पर वाचला म्हणून.

जूनमध्ये शाळेची वेळ बदलली आणि काकूनं आठवीचे चार ड्रेस शिवले. सलवार-कमीजचा गणवेश तिनं आधी कधी शिवला नव्हता. पहिली सलवार इतकी घेरदार झाली, की तिच्यात दोन पोरी मावल्या असत्या. ती उसवून पुन्हा शिवली. धाकटीची आठवी अजून लांब होती, तरी मापं लिहायला तीच बसली होती. पहिल्या दिवशी चौघींबरोबर काकूही नऊच्या गाडीत चढली. फिटिंग बघायला आले, असं तिनं कंडक्टरला सांगितलं आणि वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्या तासाला आमचा एक प्रशिक्षणार्थी होता. सकाळी सहाला उठून आलेला, घामाघूम, हातात तक्ता. सराव पाठाच्या टाचणात 'अपेक्षित उत्तर' नावाचा एक रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय पाठ मंजूर होत नाही. त्यानं विचारलं, "मुलांनो, पाण्याची वाफ होताना तुम्ही कुठे पाहता?" अपेक्षित उत्तर होतं, चहाच्या किटलीवर. काकूच्या गावची एक पोरगी उठून म्हणाली, "भट्टीवर, गूळ करताना. आन् चुलीवर, आन् सकाळी शेनाच्या उकिरड्यावर, आन् बैलाच्या नाकातनं."

तो गडबडला. "बस खाली. हे अपेक्षित नाही."

"अवो मास्तर," मागून काकू म्हणाली, "पन खरं हाय का न्हाई?"

त्यानं टाचणाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि खडूनं फळ्यावर लिहिलं, 'बैलाचे नाक.' त्याचे मार्क कापले गेले असते, पण निरीक्षक म्हणून मीच बसले होते.

दिवाळीपर्यंत एक गंमत झाली. पोरं शाळेच्या शिक्षकांना विचारायला लागली, "सर, तुमी तक्ता कावून आनत न्हाई?" एकेक शिक्षक आधीच्या गाडीनं यायला लागले. आधी वर्गाबाहेर उभे राहून ऐकायचे, मग "तुम्ही बसा, आज मी घेतो" म्हणायचे. पुढच्या वर्षी आमच्या मुलांना पुन्हा सराव पाठांसाठी वर्ग मिळेनात.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध चाळला आणि परिशिष्टापाशी थांबले.

"ही शिंपिणीची वही. हे प्रमाणित साधन आहे का?"

मी सरांकडे पाहिलं. सर शेजारून म्हणाले, "साहेब, अख्ख्या जिल्ह्यात एवढं मापात बसलेलं संशोधन दुसरं झालेलं नाही." परीक्षक हसले आणि मी पास झाले.

सगळंच गोड झालं असं नाही. त्या चौघींतली एक नववीत घरी बसली, तिच्या आईच्या आजारपणामुळे. ते कारण बसचं नव्हतं आणि त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता. तीन वर्षांनी मुख्याध्यापकांची बदली झाली, नव्यांनी वेळ पुन्हा अकराची केली. पण तोवर रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपा धावायला लागल्या होत्या, आणि गावातल्या बायका मुख्याध्यापकांकडे जायला कुणाची वाट पाहत नव्हत्या. महिनाभरात वेळ पुन्हा पावणेदहाची झाली. काकूची धाकटी दहावी झाली, तेव्हा तिच्या थोरलीनं सासरहून पेढे पाठवले. हे मला काकूनंच सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

प्रबंधाची एक प्रत मी तिला नेऊन दिली होती. रेक्झिनच्या पुठ्ठ्याची बांधणी, सोनेरी अक्षरं. ऋणनिर्देशात तिचं नाव सरांच्याही आधी घातलं होतं आणि ते सरांनी स्वतः वाचून कायम ठेवलं होतं. काकूनं पुस्तक हातात घेतलं, नाव वाचलं, दोनदा वाचलं. मग पुस्तक आडवं धरून पाठीकडून वाकवून पाहिलं.

"ताई, शिलाई लई कच्ची हाय ह्याची," ती म्हणाली, "थांबा जरा," आणि मशीनच्या खणातून जाड दोरा आणि दाभण काढून तिथंच बसली.